सुरयबाईंनी शेवटी कोणती प्रणाली घेतली

मुलांनो, एका जंगलात संगणक आले होते. कोणत्या जंगलात ते विचारू नका, मला ठाऊक नाही. जंगलात संगणक कसे, असंही विचारू नका. गोष्टीतला कोल्हा बोलतो तेव्हा तुम्ही मुकाट्याने ऐकता, मग आत्ताच हुशारी कशाला?

तर त्या जंगलात एक नदी होती. नदीत वाळूचं एक बेट होतं, आणि त्या बेटावर सुरयबाई राहायच्या. नदीसुरय हा पक्षी तुम्ही पाहिला नसेल. राखाडी पाठ, डोक्यावर काळी टोपी, पिवळी चोच. हा पक्षी घरटं बांधत नाही. पोटाने वाळूत खळगा करतो आणि त्यात अंडी घालतो. वर छप्पर नाही, बाजूला भिंत नाही. दुपारी वाळू तापली की नदीवर जायचं, पोटाची पिसं भिजवायची आणि ओल्या पोटाने अंड्यांवर येऊन बसायचं. दिवसातून वीस वेळा तरी.

सुरयबाईंची तीन अंडी होती.

उन्हाळ्यात नदी आटली की ते बेट काठाला जोडलं जायचं. मग वैशाखी पौर्णिमेच्या सकाळी गव्यांचा कळप बेटावरून पलीकडच्या कुरणात जायचा. चाळीस गवे, दरवर्षी, त्याच वाटेने. गवा वाईट नसतो. तो फक्त खाली बघत नाही. गेल्या वर्षी सुरयबाईंची दोन अंडी होती. कळप गेल्यावर तिथे नुसती सपाट वाळू उरली. त्याबद्दल त्या कुणाशी बोलल्या नाहीत. या वर्षी मात्र पहिलं अंडं घातलं त्याच दिवशी त्यांनी पौर्णिमेला किती दिवस उरलेत ते मोजलं.

यावर उपाय होता. वाघमहाराजांच्या कार्यालयात अर्ज केला की कळपाची वाट बदलून मिळायची. मात्र अर्ज संगणकावर टंकलेला हवा. पूर्वी हाताने लिहिलेले चालायचे, पण ते वाळवी खायची. वाळवी कार्यालयातच नोकरीला होती, आवक-जावक तिच्याकडेच होती, तेव्हा तिला बोलणार कोण? म्हणून महाराजांनी सगळा कारभार संगणकावर नेला, आणि घरटी एक यंत्र आलं.

सुरयबाईंच्या यंत्रात डोहातल्या मगरीची प्रणाली होती. प्रणाली म्हणजे यंत्राला चालतं ठेवणारी व्यवस्था. ती नसेल तर यंत्र म्हणजे नुसता डबा. एका सकाळी सुरयबाई अर्ज लिहायला बसल्या तर पडद्यावर मजकूर आला: ‘आपलं यंत्र आता म्हातारं झालं आहे. कृपया नवं घ्यावं. आपला दिवस आनंदात जावो.’ आणि यंत्र बंद पडलं. पौर्णिमेला सोळा दिवस राहिले होते.

संध्याकाळी सुरयराव मासे घेऊन घरी आले. ते दिवसभर मासे पकडायचे आणि घरी आल्यावर एखादी कल्पना सांगायचे.

“आपण ती फुकटवाली घालू,” ते म्हणाले.

“फुकट म्हणू नका त्यांच्यासमोर,” सुरयबाई म्हणाल्या. “मुक्त म्हणायचं. नाहीतर रागावतात.”

मुलांनो, मुक्त प्रणाली ही फार चांगली गोष्ट आहे, हे मी आधीच सांगून टाकतो. नंतर मला पत्रं पाठवू नका. ती कुणा एका मगरीच्या मालकीची नसते. ती कशी केली आहे ते कुणीही उघडून पाहावं, कुणीही घ्यावी, हवी तशी बदलावी, दुसऱ्याला द्यावी. आता हवी तशी बदला म्हटल्यावर जो तो बदलतो. त्यामुळे त्या जंगलात मुक्त प्रणालीच्या तीनशे जाती होत्या. प्रत्येक जातीचे भक्त होते. त्यांचं एक मंडळही होतं. मंडळात फूट पडून त्याची चार मंडळं झाली होती, पण चौघांचंही ध्येय एकच होतं आणि ते चौघंही मान्य करायचे.

सुरयबाईंनी मोठ्या वडावर प्रश्न टांगला. जंगलात काही विचारायचं असलं की तिथेच टांगायची पद्धत होती. त्यांनी लिहिलं: ‘यंत्र जुनं आहे. मला एक अर्ज टंकायचा आहे. घाई आहे. कोणती मुक्त प्रणाली घेऊ?’

अर्ध्या तासात एकशे बारा उत्तरं आली. त्यातल्या चाळीस जणांनी हा प्रश्न चुकीच्या फांदीवर टांगला आहे असं कळवलं होतं. काहींनी विचारलं होतं की मुळात अर्ज का करायचा. बाकीचे एकमेकांना उत्तरं देत होते. अंड्यांवर बसून सुरयबाईंनी सगळी वाचून काढली आणि त्यांना घेरी आल्यासारखं झालं.

दुसऱ्या दिवशी शेकरूताई स्वतःच आल्या. झाडावरून झाडावर उड्या मारत, अर्धं जंगल ओलांडून, घरून डबा घेऊन आल्या. एक पैसा मागितला नाही. “काकू, तुम्ही अजिबात काळजी करू नका,” त्या म्हणाल्या. “तुमच्यासारख्या नवीन लोकांसाठी ‘मोहोर’. डोळे मिटून घ्या.”

दुपारपर्यंत ‘मोहोर’ बसली. फार देखणी होती. मागे डोंगराचं चित्र, खाली रंगीत फळं, फळाला चोच लावली की ते फुगायचं. सुरयबाईंनी अर्ज लिहायला घेतला. त्या चोचीने एकेक अक्षर टंकायच्या. दोन ओळी झाल्या की नदीवर जायच्या, पोट भिजवायच्या, अंड्यांवर बसायच्या, परत येऊन तिसरी ओळ. तीन दिवसांत अर्ज निम्मा झाला. एक अडचण होती. जोडाक्षरं फुटत होती. ‘कळपाची’ नीट यायचं, पण ‘गव्यांच्या’ लिहिलं की त्याचे तुकडे पडदाभर पसरायचे.

एवढंच विचारावं म्हणून त्यांनी काठावर ऊन खात पडलेल्या घोरपडकाकांना हाक मारली. घोरपड अंडी खाते, हे सुरयबाईंना माहीत होतं. पण काकांनी वैद्यांच्या सांगण्यावरून अंडी सोडली होती आणि आता ते सगळं लक्ष संगणकाकडे द्यायचे. ते आले, पडद्याकडे त्यांनी बराच वेळ पाहिलं, आणि विचारलं, “हे कुणी बसवलं तुम्हाला?”

मुलांनो, हा प्रश्न तुम्ही ऐकला असेल. नळ गळतो म्हणून दुसरा प्लंबर बोलावला की तोही हेच विचारतो. दाताचा नवा डॉक्टर तोंडात दिवा धरून हेच विचारतो. या प्रश्नानंतर आधीचं काही शिल्लक राहत नाही.

“शेकरूताईंनी,” सुरयबाई म्हणाल्या.

“वाटलंच. दर सहा महिन्यांनी बदलते ती. आज आहे ते उद्या नाही. तुम्हाला ‘कातळ’ देतो. एकदा धरलं की सुटायचं नाही.”

“पण काका, फक्त जोडाक्षरं...”

काकांनी तोवर कळ दाबली होती. यंत्र कोरं झालं. ‘कातळ’ बसायला लागली. निम्मा अर्ज ‘मोहोर’मध्ये होता, तो ‘मोहोर’बरोबर गेला.

“दुसरीकडे उतरवून ठेवला नव्हता का?” काकांनी विचारलं. “नेहमी उतरवून ठेवावं.”

‘कातळ’ खरंच भक्कम होती, यात खोटं नाही. जोडाक्षरं एकसंध आली. सुरयबाईंनी पुन्हा पहिल्या ओळीपासून सुरुवात केली. चार दिवसांत अख्खा अर्ज लिहून झाला. शेवटी ‘आपली नम्र’ असं लिहून त्यांनी नाव घातलं आणि बराच वेळ त्या नुसत्या पडद्याकडे बघत बसल्या. त्यांना फार बरं वाटलं होतं. सुरयरावांनी त्या संध्याकाळी दोन मासे जास्त आणले.

सकाळी अर्ज पाठवायला त्यांनी कार्यालयाचं पान उघडलं. पान म्हणालं, ‘आपली प्रणाली फार जुनी आहे. कृपया अलीकडची वापरावी.’ काकांची ‘कातळ’ भक्कम होती, कारण आठ वर्षांत तिला कुणी हात लावला नव्हता. सुरयबाईंनी काकांना सांगितलं तर ते म्हणाले, “चूक कार्यालयाची आहे. त्यांना कळवा.”

“कसं कळवू?”

“अर्ज करा,” काका म्हणाले आणि पुन्हा उन्हात जाऊन पडले.

ही हकीकत वडावर गेली आणि तिसऱ्या प्रहरी साळिंदरसर आले. साळिंदरसर चारपैकी तीन मंडळांचे अध्यक्ष होते. अंगावरच्या काट्यांवर त्यांनी छोटे छोटे कागद खोचलेले असायचे, प्रत्येकावर एखादी आज्ञा. त्यांनी यंत्राकडे पाहिलं आणि काय विचारलं असेल ते तुम्हीच ओळखा. सुरयबाईंनी या वेळी यंत्रावर पंख पसरले.

“सर, यात माझा पूर्ण अर्ज आहे,” त्या म्हणाल्या.

“त्याची प्रत घेतो. मी काही घोरपडे नाही,” सर म्हणाले. त्यांनी खरंच प्रत घेतली, एका काट्यावर खोचली आणि मग यंत्र कोरं केलं. “बाई, तयार प्रणाली घेणं म्हणजे दुसऱ्याने चावलेलं खाणं. ‘वारूळ’ ही आपण स्वतः बांधायची. कण न् कण आपल्या ओळखीचा.”

“किती वेळ लागतो?”

“समजून केलं तर आयुष्य. नुसतं केलं तर पाच दिवस.”

पौर्णिमेला तेव्हा सातच दिवस उरले होते. सर रोज सूर्य उगवला की यायचे आणि मान वर न करता काम करायचे. मधूनमधून सुरयबाईंना शिकवायचे. “आता हे का केलं, सांगा.” सुरयबाई ओल्या पोटाने अंड्यांवर बसलेल्या असायच्या. त्यांना सांगता यायचं नाही. सर एक सुस्कारा टाकायचे आणि पहिल्यापासून समजावायचे. पाचच्या जागी सहा दिवस गेले. सहाव्या दिवशी दुपारी सर म्हणाले, “झालं.”

पडदा काळा होता. वरच्या कोपऱ्यात एक छोटीशी पांढरी रेघ लुकलुकत होती.

“आता काय करायचं?” सुरयबाईंनी विचारलं.

“आता काहीही करा. आता तुम्ही मुक्त आहात.”

“अर्ज कुठे लिहायचा?”

“लिहिण्याची सोय तुमची तुम्ही निवडायची. पंचवीस-तीस आहेत. त्यात बरेच मतभेद आहेत, मी वाचायला देतो.” सरांनी अर्जाची प्रत शोधायला काटे चाचपले. सकाळी झुडपातून येताना तो कागद कुठेतरी पडला होता.

एवढ्यात शेकरूताई कामाचं कसं चाललंय बघायला आल्या, मागोमाग घोरपडकाकाही आले. तिघं समोरासमोर आले आणि लगेच बोलायला लागले. ‘मोहोर’ कशी पोरकट, ‘कातळ’ कशी मेलेली, ‘वारूळ’ कशी अमानुष. तिघं एकाच वेळी बोलत होते आणि तिघांचंही प्रत्येक वाक्य “मुद्दा असा आहे की” असं सुरू होत होतं.

तेव्हा सुरयबाईंचा तोल गेला. “मला तुमचे मुद्दे नकोत,” त्या म्हणाल्या. “मला प्रणाली नकोय. माझी तीन अंडी आहेत. उद्या सकाळी इथून चाळीस गवे जाणार आहेत. गेल्या वर्षी गेले तेव्हा टरफलंसुद्धा सापडली नाहीत मला. मी पंधरा दिवस तुमचं ऐकतेय. तुमच्यापैकी एकाने एकदा तरी विचारलंत का, अर्ज कसला आहे म्हणून?”

शेकरूताईंच्या डोळ्यांत पाणी आलं. मुलांनो, हे तिघंही मनाने चांगले होते, हे मी पुन्हा सांगतो. वाईट असते तर सुरयबाईंनी त्यांना पहिल्याच दिवशी घालवून दिलं असतं आणि गोष्ट एव्हाना संपली असती.

“बाई, आमचं चुकलं,” साळिंदरसर म्हणाले. “हा प्रश्न असा एकेकट्याने सोडवण्याचा नव्हता. सगळ्यांना बोलावलं पाहिजे.”

“उद्या सकाळीच घेऊ,” शेकरूताई डोळे पुसत म्हणाल्या.

आणि पौर्णिमेला सूर्य उगवायच्या सुमारास बेटावर ‘जुन्या यंत्रासाठी योग्य प्रणाली : खुली तुलनात्मक चाचणी’ भरवायचं ठरलं. शेकरूताईंनी सूचना मांडली, काकांनी अनुमोदन दिलं. जागा बेटच, कारण सुरयबाईंना अंडी सोडून हलता येत नव्हतं. “अर्ज तिथल्या तिथे लिहून, तिथल्या तिथे पाठवू,” सर म्हणाले. सुरयबाईंना आता कशाचीच आशा नव्हती. त्या अंड्यांवर बसल्या आणि सुरयराव त्यांच्याशेजारी. त्या दिवशी सुरयरावांनी कोणतीही कल्पना सांगितली नाही.

सकाळी झाडून सगळे आले. चारही मंडळं आली. मुंगूस, वटवाघळं, खवल्या मांजर, चितळांचं एक तरुण टोळकं, मिळून साठ-सत्तर जण, प्रत्येकाकडे आपापलं यंत्र आणि प्रत्येकात वेगळी प्रणाली. अंड्यांना धक्का लागू नये म्हणून ते लांब, काठाच्या बाजूला, वाटेवरच गोल करून बसले. आधी स्वागत झालं. मग अध्यक्ष कुणी व्हावं यावर चर्चा झाली. अध्यक्ष ठरल्यावर ‘जुनं यंत्र’ कशाला म्हणावं यावर वाद सुरू झाला. त्यात एका मुंगसाने दुसऱ्या मुंगसाला मगरीचा हस्तक म्हटलं.

वाळू हलते आहे हे आधी सुरयबाईंना पोटाखाली जाणवलं.

“गवे आले,” त्या ओरडल्या.

“हो बाई, तुमचाही मुद्दा घेतो,” साळिंदरसर मागे न बघता म्हणाले. “आधी काकांचा संपू दे.”

झाडीतून कळप बाहेर पडला. सगळ्यात पुढे थोरली आक्का होती. गव्यांच्या कळपात म्हातारी गवीण पुढे चालते आणि बाकीचे तिच्या मागे चालतात. वाटेवर गर्दी बघून ती थांबली. मागचे एकोणचाळीस थांबले. सुरयबाईंनी डोळे मिटून घेतले आणि पंख अंड्यांवर जेवढे पसरता येतील तेवढे पसरले.

“काय चाललंय?” आक्काने विचारलं.

सत्तर माना एकदम वळल्या.

“आक्का, तुमच्या कळपात कोणती प्रणाली आहे?” शेकरूताईंनी विचारलं.

“कसली प्रणाली? आमच्याकडे संगणकच नाही. आम्ही आपले चरतो.”

ज्याला अजून कुणीच काही सांगितलेलं नाही असा प्राणी त्या जंगलात कित्येक वर्षांत कुणी पाहिला नव्हता. इथे तर चाळीस होते.

“आक्का, तुम्ही फक्त बसा,” साळिंदरसर उठत म्हणाले. त्यांचा आवाज कापत होता. “दहा मिनिटं. अगदी पायापासून सांगतो.”

“त्यांचं ऐकू नका,” घोरपडकाका म्हणाले. “पहिल्यांदाच घेताय तर ‘कातळ’ घ्या.”

“आक्का, इकडे बघा, किती सोपं आहे,” म्हणत शेकरूताई उडी मारून थेट तिच्या शिंगावर जाऊन बसल्या. बाकीचे यंत्रं उचलून कळपात घुसले. एकेका गव्याला दोन-दोन जाणकार आले. कुणी पुढून सांगत होतं, कुणी मागून ते खोडून काढत होतं. एका तरुण गव्याने चुकून विचारलं, “पण दोघांत फरक काय?” त्याच्याभोवती लगेच अकरा जण जमले.

गवा वाघाला भीत नाही, वणव्याला भीत नाही. आक्काने आयुष्यात दोन्ही पाहिलं होतं. तिने समोर पाहिलं, बाजूला पाहिलं, कळपाकडे पाहिलं. मग शिंगावरच्या शेकरूताईंना हळूच खाली ठेवलं आणि म्हणाली, “चला रे. वरच्या पायवाटेने जाऊ. लांब पडलं तरी चालेल.”

कळप मागे फिरला. सत्तर जण यंत्रं सांभाळत त्यांच्या मागे धावले. पार टेकडीपलीकडे जाईपर्यंत “फक्त एकदा वापरून बघा” असं ऐकू येत होतं. पुढच्या वर्षी कळप त्या वाटेला फिरकला नाही. त्याच्या पुढच्या वर्षीही नाही.

बेटावर दोघंच उरले. सुरयबाईंनी डोळे उघडले, उठून खाली पाहिलं. तीनही अंडी होती. त्या रडायला लागल्या आणि रडताना एकदम हसल्या. सुरयरावांना काय करावं कळेना, म्हणून ते मासे आणायला गेले.

पाचव्या दिवशी पिल्लं बाहेर आली. त्याच दिवशी कार्यालयातून पत्र आलं: ‘आपला अर्ज प्राप्त न झाल्याने गव्यांच्या वाटेत बदल करता येत नाही.’

त्या यंत्राचं पुढे काय झालं, असं कुणीतरी विचारेलच, म्हणून सांगतो. सुरयबाईंनी ते बंद केलं आणि वाळूत उभं रोवलं. दुपारी त्याची सावली छान पडायची आणि तीनही पिल्लं त्या सावलीत मावायची. पोट भिजवायच्या खेपा निम्म्यावर आल्या.

अधूनमधून शेकरूताई फांदीवरून विचारायच्या, “काकू, शेवटी कोणती ठेवलीत?”

“तुमचीच,” सुरयबाई म्हणायच्या.

घोरपडकाका उन्हातून विचारायचे. “तुमचीच हो, काका.”

साळिंदरसरही एकदा मुद्दाम वाट वाकडी करून आले. लांबूनच त्यांनी यंत्र पाहिलं. “कुठे अडत नाही ना?” त्यांनी विचारलं.

“नाही सर,” सुरयबाई म्हणाल्या. “इतकी चांगली कधीच चालली नव्हती.”

सर समाधानाने परत गेले आणि त्यांनी वडावर ही बातमी टांगली.

तात्पर्य : मुलांनो, जाणकारांचा सल्ला अमूल्य असतो. तो स्वतः घेऊन वाया घालवू नये. ज्याला आपल्या वाटेवरून हटवायचं असेल, त्याला द्यावा.